कोरी नळी

त्या घरात रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जागं व्हायचं ते सासूबाईंचं तोंड. अंथरुणातून पाय खाली पडायच्या आत ते सुरू होई, आणि त्याला पहिला विषय लागे तो सुनेच्या हातांचा. सून रंगाईच्या कारखान्यात सूत रंगवायची. निळ्या रंगाच्या टाकीत दिवसभर लडी बुडवून, पिळून, वाळत घालून तिचे हात मनगटापर्यंत निळे पडले होते. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. नखांच्या कडेचा निळा काही हटेना.

"त्या हातांनी दुधाला शिवू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"धुतलेत हो मी, आई."

"धुतलेत म्हणे! धुतलेले हात असे दिसतात होय? मेलेल्या माणसाचे वाटतात."

त्यांचा मुलगा आरशासमोर दाढी करत होता. त्यानं ऐकलं आणि वस्तरा तसाच गालावरून पुढे नेला. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारातल्या कुठल्या दुकानाचा काटा किती ग्रॅमनं खोटा आहे हे तो नुसतं पारड्याला बोट लावून सांगतो, अशी त्याची ख्याती होती. घरातलं पारडं मात्र लग्न झाल्यापासून एकाच बाजूला टेकलेलं होतं, आणि ते दुरुस्त करायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

या तिघांच्या मध्ये आठ वर्षांची एक मुलगी होती. उभी राहिली की स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन आठवड्यांपासून तिच्या गिरक्या कमी झाल्या होत्या. ती सारखी पाणी प्यायची, सारखी मोरीकडे धावायची, आणि तिच्या फ्रॉकचे खांदे रोज थोडे खाली घसरत होते. पोटरीवर एक गळू झालं होतं, तेही भरून येत नव्हतं.

"हिला एकदा दाखवून आणू या का?" आईनं नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "पाणी पिते म्हणून डॉक्टर? उद्या श्वास घेते म्हणून नेशील. आई दिवसभर बाहेर असली की पोरं सुकणारच."

त्याच सकाळी दप्तर खांद्याला लावता लावता भिंगरी खाली बसली, मग आडवी झाली, आणि हाका मारल्या तरी उठेना. तिच्या तोंडाला सडत आलेल्या फळासारखा वास येत होता. बापानं तिला उचललं आणि तिघंही धावत सुटली.

मूल आजारी पडलं की डॉक्टर नाडी बघतो आणि बाकी सगळे आईकडे बघतात. ही रीत कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नाही, तरी ती कुणाला शिकवावी लागत नाही. बाप शेजारीच उभा असतो. त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुझं लक्ष कुठं होतं? या गोष्टीत पुढं जे घडलं त्यात एका प्लास्टिकच्या नळीचा दोष आहे, हे मी लपवणार नाही. पण नळीला तोंड नसतं आणि माणसांना असतं, म्हणून मला राग येतो तो माणसांचा.

इस्पितळात कळलं की भिंगरीच्या अंगात इन्सुलिन तयार व्हायचं थांबलं आहे. साखर रक्तातच साचत होती आणि शरीर उपाशी मरत होतं. पहिल्या रात्री तिला जगवलं. गळू चिघळलेलं असल्यामुळे ते आटोक्यात येईपर्यंत इन्सुलिन सलाइनमध्ये मिसळून, पंपावर, बारीक नळीतून थेंबाथेंबानं द्यायचं ठरलं. मूल लहान, म्हणून औषध पातळ केलेलं आणि पंपाचा वेग अगदी मंद. दर चार तासांनी बोट टोचून साखर मोजायची आणि आकडा पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर लिहायचा.

लहान मुलांच्या त्या वॉर्डात आठ पलंग होते आणि दाराला वर एक गोल काच होती. नातेवाइकांनी फक्त अकरा ते बारा यायचं. दारावर बाकड्यावर एक मावशी बसलेली असायची. आतला कारभार मोठ्या सिस्टरांकडे होता, आणि त्यांच्या हाताखाली नोकरीला लागून सहाच महिने झालेली एक धाकटी सिस्टर होती.

धाकटीनं दुसऱ्या दिवशी आईला बाजूला घेऊन समजावलं. "ताई, एक लक्षात ठेवा. साखर चढली तर हळूहळू त्रास होतो. उतरली तर मात्र वेळ नसतो. तिला घाम फुटला, हात थरथरले, उगाच झोपाळू वाटली, तर आम्हाला हाक मारायची. लाजायचं नाही."

"नाही लाजणार," आई म्हणाली. तिनं ते तीन शब्द मनात घोळवून पाठ केले: घाम, थरथर, झोप.

आता त्या वॉर्डाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. रोज सकाळी दहाला जुनी नळी काढून नवी लावत. जंतू होऊ नयेत म्हणून तो नियम होता आणि चांगलाच होता. पण पंपाच्या खोक्यात कंपनीचा एक घडीचा कागद असे. त्यावर लिहिलेलं होतं की नवी नळी औषधानं भरा, थोडा वेळ तशीच ठेवा, पहिलं वीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, वाहून जाऊ द्या आणि मगच रुग्णाला जोडा. कारण इन्सुलिन कोऱ्या प्लास्टिकला आतून चिकटून बसतं. नळीचं पोट भरलं की मग पुढचं औषध पुरतं पोचतं. मंद वेगावर नळीचं पोट भरायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ रुग्णाला नावापुरतंच औषध मिळतं.

मोठ्या सिस्टरांनी हे चार चमचे सोडायचं कधीच बंद केलं होतं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या तरुणपणी औषधांची टंचाई झाली होती, आणि इन्सुलिनची एक बाटली मिळाली नाही म्हणून एक मूल त्यांच्या मांडीवर गेलं होतं. तेव्हापासून त्यांच्या वॉर्डात औषधाचा थेंब मोरीत गेलेला त्यांना खपत नसे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथं तर फुंकर घालता घालता ताकच सांडत होतं.

धाकटीनं तो कागद वाचला होता. तिसऱ्या दिवशी नळी लावताना ती भीतभीत म्हणाली, "सिस्टर, पहिलं थोडं सोडून द्यायचं असतं ना? कागदावर आहे."

"कागदावर पुष्कळ असतं." मोठ्या सिस्टरांनी नळी जोडून चिकटपट्टी लावली. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी इन्सुलिन देते आहे. औषध ओतून द्यायला तुला शिकवलंय का कॉलेजात?"

धाकटी गप्प बसली. आपणही असे कितीदा बसलो आहोत, ते ज्याचं त्यानं आठवावं.

आकडे काय सांगत होते बघा. पंपाच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाला भिंगरीची साखर दीडशे. दहाला नळी बदलली. अकरा ते बारा आई येऊन गेली. दोनला साखर सव्वातीनशे! संध्याकाळी थोडी उतरली, रात्री पुन्हा दीडशे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तक्त्याकडे बघून मोठे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दहा ते दोनच्या मध्ये या वॉर्डात काय होतं?"

नळी बदलते, हे कुणी म्हणालं नाही. रोज होणारी गोष्ट कुणाला दिसत नाही.

"भेटायला येतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

झालं. चोर सापडला. चौथ्या दिवशी आई आली तेव्हा मावशीनं तिला दारातच अडवलं.

"पिशवी दाखव."

"का हो मावशी?"

"दाखव म्हटलं ना. वरचा हुकूम आहे."

मावशीनं पिशवी बाकड्यावर उलटी केली. एक कंगवा पडला, लाल रिबीन पडली, धुतलेला फ्रॉक पडला, आणि रंगीत सुताचा एक गुंडा पडला. भिंगरीला बोटांवर सूत अडकवून खेळायला आवडायचं. खाऊ नव्हता. मावशीनं तिचे खिसे चाचपले. मग तिचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले आणि हुंगले.

"कसला वास येतोय हा?"

"रंगाचा," आई म्हणाली. रांगेत मागं उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. एकीनं आपल्या मुलाला थोडं पलीकडे ओढलं.

आत मोठ्या सिस्टर आणि मोठे डॉक्टर वाट बघत होते. आजी आणि बाप आधीच येऊन पलंगाशी उभे होते. भिंगरी उशीला टेकून बसली होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, तुम्ही मुलीला काय खायला घालता?"

"काही नाही, सिस्टर. तुम्ही नको म्हणालात ना."

"मग तुम्ही गेल्यावर साखर चढते कशी? रोज? घड्याळ लावल्यासारखी?"

आई तक्त्याजवळ गेली. शाळा अर्धवट सुटली होती, तरी कारखान्यात लडी मोजून, रंग मोजून आकड्यांशी तिची ओळख होती. ती बोट फिरवत खाली गेली आणि एका जागी थांबली.

"सिस्टर, दहाला तुम्ही नवी नळी लावता ना?"

"लावतो. मग?"

"आमच्याकडे टाकी नवी असली ना, की पहिला रंग टाकीच पिते. सूत फिकं निघतं. म्हणून पहिला टाकीभर रंग आम्ही सोडून देतो. तसं तर नसेल होत? नळी नवी असते, तिलाच औषध लागत असेल आधी."

धाकटी सिस्टर हातात कापूस धरून जागीच उभी राहिली. कंपनीचा कागद जे सांगत होता, तेच ही बाई निळ्या बोटांनी तक्त्यावर दाखवत होती.

मग मोठ्या सिस्टर हसल्या. "अहो, ती प्लास्टिकची नळी आहे. मातीचा माठ नव्हे पाणी प्यायला!" आणि मोठे डॉक्टरही हसले, कारण विनोद चांगला होता.

आजी मात्र हसली नाही. "आमच्या घरात हे असंच चालतं, डॉक्टर. चोरून द्यायचं, वर तोंड करून बोलायचं. पोरीचे लाड करायचे आणि तिची वाट लावायची."

"आजी, आई मला काही देत नाही," भिंगरी म्हणाली. "मी मागितलं होतं. बिस्कीट. तिनं नाही दिलं."

"बघा! पढवून ठेवलंय!" आजीनं हात झटकला.

खरं बोललं तर पढवलेलं, खोटं बोललं तर पकडलेलं. असल्या न्यायालयात कुणी कसं सुटावं? आईनं नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही तरी सांगा. तुम्ही होतात ना काल माझ्याबरोबर. दिलं का मी काही?"

काल तो होता. पूर्ण तासभर पलंगाच्या या बाजूला बसला होता. त्यानं बायकोकडे बघितलं, स्वतःच्या आईकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

तेवढ्यावर निकाल लागला. आईला वॉर्डात यायची बंदी झाली. मोठ्या डॉक्टरांनी तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं: "आईस प्रवेश नाही. बाहेरचे खाणे देते." भिंगरीनं आईचं बोट पकडलं होतं. मावशीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. त्याच संध्याकाळी धाकटी सिस्टर हिंमत करून पुन्हा नळीचं बोलली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची बदली खालच्या मजल्यावर, भांडी उकळण्याच्या खोलीत झाली.

आता पाचवा दिवस. आई आत नव्हती. अकरा ते बारा पलंगाशी फक्त आजी आणि बाप बसले. दहाला नवी नळी लागली होती. दोनला साखर मोजली. तीनशे तीस!

मी सांगतो, त्या एका आकड्यानं त्या बाईची सुटका व्हायला हवी होती. आंधळ्यालाही दिसेल असा पुरावा तक्त्यावर लिहिलेला होता. पण एकदा चोर ठरला की चोरी त्यानं कशी केली एवढंच शोधायचं उरतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "कुणाच्या तरी हातून पाठवलं असणार." शेजारच्या पलंगावरच्या मुलाच्या आईचा डबा तपासला. तिला रडू आलं. आजी म्हणाली, "तिचे हात लांब आहेत." बापानं तक्त्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

मोठ्या डॉक्टरांना दुपारच्या त्या आकड्याचा आता राग आला होता. "उद्यापासून दुपारची वाट बघू नका. सकाळीच पंपाचा वेग वाढवा. दीडपट. आणि सकाळचं दूध अर्धं करा."

सहाव्या दिवशी सकाळी नळ्यांचं खोकं रिकामं निघालं. नवा माल दुपारी येणार होता. मोठ्या सिस्टरांनी भिंगरीच्या पंपाला कालचीच नळी राहू दिली, आणि हुकुमाप्रमाणे वेग दीडपट केला. एका दिवसानं काय बिघडतं?

कालच्या नळीचं पोट भरलेलं होतं. ती आता एक थेंबही स्वतःकडे ठेवणार नव्हती. इतके दिवस जी मात्रा वाटेत हरवायची ती पुरी, वर अर्धी जास्त, त्या हडकुळ्या मुलीच्या शिरेत उतरू लागली.

आई तरीही रोज यायची. आत सोडत नसत, तर ती दाराच्या गोल काचेशी उभी राहायची. काच उंच होती, चवड्यांवर उभं राहावं लागे. भिंगरीचा पलंग समोरच होता. आदल्या दिवशी दोघींनी काचेतूनच खेळ केला होता. आईनं बोटांवर सूत अडकवून दाखवायचं आणि भिंगरीनं तसंच करायचं. आज अकरा वाजता आईनं सूत दाखवलं तर भिंगरी बघेना. बाप त्या दिवशी कामावर गेला होता. आजी पलंगाशी खुर्चीत बसून शेजारणीला सुनेची कहाणी सांगत होती. बारा वाजले, आजी उठली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवून निघाली.

"पोर आज शांत आहे," ती दारात मावशीला म्हणाली. सुनेकडे तिनं बघितलंही नाही.

साडेबाराला आई पुन्हा चवड्यांवर उभी राहिली. भिंगरीचं कपाळ चमकत होतं. फ्रॉक छातीला चिकटला होता. सूत धरलेला हात चादरीवर थरथरत होता, आणि डोळे अर्धे मिटलेले होते.

घाम. थरथर. झोप.

"मावशी! तिला घाम फुटलाय! साखर उतरलीय तिची, मोजायला सांगा!"

"पुन्हा सुरू झालं का तुझं?"

"तुमच्या पाया पडते. एकदा मोजा. मला आत नका सोडू, फक्त मोजा!"

मावशी आत जाऊन आली. "सिस्टर म्हणतात, दोनला मोजायची वेळ आहे. दोनला मोजतील."

"दोनला अजून दीड तास आहे हो!"

"मग थांब दीड तास. उकडतंय, येतो घाम. मलाही आलाय."

आईनं दार ढकललं. मावशीनं आत शिरून कडी लावली. आई तळव्यांनी काच बडवू लागली. आत मोठ्या सिस्टर दुसऱ्या मुलाचा ताप बघत होत्या. त्यांनी वर बघितलं, काचेवर दोन निळे तळवे बघितले, आणि मावशीला खूण केली. मावशीनं काचेवर आतून टॉवेल टांगला.

त्यानंतर आईला काही दिसलं नाही. ती दारावर धडका देत राहिली, ओरडत राहिली. बाहेर थांबलेल्या बायका तिला म्हणाल्या, "बाई, आजारी मुलं आहेत आत, जरा शांत राहा." आवाज खालच्या मजल्यावर पोचला. धाकटी सिस्टर उकळत्या भांड्यांपाशी चिमटा हातात धरून थोडा वेळ ऐकत राहिली. थोडा वेळ, म्हणजे किती? ती पुढं स्वतःच सांगायची: "वीस मिनिटं. मला वाटलं, आपली जागा सोडली तर नोकरी जाईल." मग तिनं चिमटा टाकला आणि मागच्या जिन्यानं धावत वर वॉर्डात गेली.

तिनं कुणाला विचारलं नाही. बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला: एकोणीस. तिनं पंप बंद केला, ग्लुकोजची सुई भरली, आणि तेवढ्यात भिंगरीचं अंग ताठ होऊन पलंग हलू लागला. पुढचे दोन तास सगळे धावले, मोठे डॉक्टर धावले, मोठ्या सिस्टर तर सगळ्यांपेक्षा जास्त धावल्या. साखर वर आली. भिंगरी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, नवी नळी लावायच्या वेळेला, ती गेली.

आईला आत सोडलं ते त्यानंतर. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाई तशीच होती.

भिंगरी गेल्यानंतर चौथ्या दिवशी बाप इस्पितळातून एक कागद घेऊन घरी आला. टेबलावर ठेवला आणि पेन वर ठेवलं. "मनाई असतानाही मुलीस बाहेरचे खाणे दिल्यामुळे उपचारात अडथळा आला," असं त्यावर होतं. खाली आईबापांच्या सह्यांसाठी दोन रेघा होत्या. एका रेघेवर त्याची सही झालेली होती.

"सही कर म्हणजे मिटलं," तो म्हणाला. "नाहीतर चौकशी लागेल. लोक बोलतील."

"लोक बोलतच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "खरं तेच बोलतायत. खाऊ घालून मारलीन पोर."

दाराशी धाकटी सिस्टर उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. तिच्या हातात दोन कागद होते: एक कंपनीचा, घडीचा, दुसरा, तक्त्याची तिनं स्वतःच्या हातानं केलेली नक्कल. तिनं दोन्ही टेबलावर ठेवले. नकलेत जिथं जिथं नळी बदलली तिथं तिनं एक रेघ मारली होती. प्रत्येक रेघेनंतर आकडा चढला होता. एकाच दिवशी रेघ नव्हती. त्या दिवशी आकडा एकोणीस होता.

"ताई बरोबर होत्या," ती म्हणाली. "त्यांनी चौथ्या दिवशीच सांगितलं होतं. मला माहीत होतं आणि मी बोलायचं सोडून दिलं. हे मी चौकशीत सांगणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे."

सासूबाई कागदाकडे न बघता म्हणाल्या, "शिकवून आणलंय हिला."

आईनं सासूला उत्तर दिलं नाही. तिनं नकलेवर पाचव्या दिवसावर बोट ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, "या दिवशी मी आत नव्हते. तरी आकडा चढला. तुम्ही तिथं होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

तो आकड्याकडे बघत राहिला. माणूस वजनकाट्यांचा होता. कुठं खोट आहे ते त्याला बोट लावून कळायचं.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"सगळेच म्हणत होते." तो म्हणाला. "आई म्हणत होती, सिस्टर म्हणत होत्या. मी एकटा कसा..."

"तुम्ही एकटे नव्हतात," आई म्हणाली. "मी होते ना दाराबाहेर."

तिनं पेन उचललं. सासूबाईंना वाटलं, सही करते. तिनं कागदावरच्या त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली आणि खाली लिहिलं: "मी काही दिलं नाही. नळी नवी होती." मग दारामागची चप्पल पायात घातली. नवरा "कुठं चाललीस" म्हणाला, पण उठला नाही.

चौकशी लागली. ती अजून चालू आहे, आणि अशा चौकश्या कशा चालतात ते वाचकांना मी सांगायला नको. मोठे डॉक्टर म्हणाले, मला कुणी कळवलं नाही. मावशी म्हणाली, मी हुकमाची ताबेदार. आजी अजून म्हणते, बिस्कीट दिलंच असणार. मोठ्या सिस्टर तेवढ्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी तो घडीचा कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या. धाकटीची नोकरी गेली नाही. तिला पुन्हा वॉर्डात घेतलं, कारण माणसं कमी होती.

आई कारखान्याजवळ खोली घेऊन राहते. सकाळी तासाभराची सुट्टी मागून घेते आणि दहाच्या आधी वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहते. आत जायची बंदी अजून कुणी उठवलेली नाही. उठवायची राहून गेली आहे. बाहेर ज्या बायका नव्यानं आलेल्या असतात, ज्यांच्या मुलांच्या दंडाला पंप लावलेला असतो, त्यांना ती एकच गोष्ट सांगते. नवी नळी लावतील तेव्हा विचारा, पहिलं सोडून दिलं का? विचारायला लाजू नका. तुम्हाला हसतील. हसू द्या.

काही बायका ऐकतात. काही तिचे हात बघून मुलाला जवळ ओढतात.

काचेवरचा टॉवेल धाकटीनं काढून टाकला आहे. दहाचे ठोके पडले की ती नवी नळी भरते, थांबते, आणि मग दाराच्या काचेसमोर येऊन उभी राहते, बाहेरून दिसेल अशी. एका हातात नळीचं टोक, दुसऱ्या हातात कडा असलेलं स्टीलचं भांडं. थेंब पडायला लागतात. बाहेर आई चवड्यांवर उभी राहते आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बघते. चहाचे चार चमचे, जास्त नाही. मग ती टाचा खाली टेकवते आणि कामावर जाते.